जुनी बोल्ट ॲक्शन शॉटगन घ्यावी का? (ओहायो)

ओक_आणि_ओहायो
नमस्कार मंडळी. कोलंबसच्या बाहेर राहतो, ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय. आमच्या शेजारचा म्हातारा शेतकरी सगळं विकून मुलीकडे फ्लोरिडाला चाललाय आणि कोठारातून रोज काही ना काही बाहेर काढतोय. त्यात दोन बंदुका निघाल्या. एक मार्लिन ५५ गूज गन, बारा गेज (नळीच्या रुंदीचं माप), बोल्ट ॲक्शन (प्रत्येक फैरीला दांडी हाताने मागे-पुढे करायची), नळी चांगली ३६ इंची. दुसरी मॉसबर्ग १९५, तीपण बारा गेज बोल्ट ॲक्शन, पण मॅगझिन हरवलेलं आणि नळीवर-बॉडीवर कुठे सीरियल नंबरच नाही. मार्लिनचे अडीचशे डॉलर म्हणतो, नाहीतर तुझा स्नो ब्लोअर दे आणि दोन्ही ने म्हणतो. मला येत्या सीझनला हरणासाठी हवीये, पहिलीच बंदूक. पंप ॲक्शन नवीन घेऊ की ही जुनी चालेल? आणि नंबर नसलेली घरात ठेवली तर लफडं होईल का? इथे कोणी अशा जुन्या घेतल्या-विकल्या असतील तर सांगा.

तिखटमीठ
फ्लोरिडाला चाललेला माणूस स्नो ब्लोअर मागतोय? बंदुकीचं नंतर बघू, आधी म्हाताऱ्याची चौकशी करा.

ओक_आणि_ओहायो
नातू बफेलोला आहे त्याला देणार आहे. मीपण हेच विचारलं होतं :)

विस्कॉन्सिनकर
चांगला प्रश्न आहे, जरा सविस्तर लिहितो.

बोल्ट ॲक्शन शॉटगन ही अमेरिकेत गरिबाची बंदूक होती. पंप किंवा दुनळी परवडत नाही त्या शेतकऱ्याने सीअर्स नाहीतर माँटगोमरी वॉर्डच्या कॅटलॉगमधून मागवायची. म्हणूनच एकच बंदूक चार नावांनी दिसते, सीअर्सची जे. सी. हिगिन्स बघाल तर बनवलेली हाय स्टँडर्डने, वॉर्डची वेस्टर्न फील्ड बघाल तर आतून बऱ्याचदा मॉसबर्ग. सुटा भाग शोधताना मूळ कोणी बनवली ते माहीत पाहिजे, नाहीतर नुसते फिरत बसाल.

नंबर नसण्याचं टेन्शन घेऊ नका. १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट येईपर्यंत स्वस्त शॉटगनवर आणि .२२ वर नंबर टाकायची सक्तीच नव्हती, त्यामुळे त्याआधीच्या ढिगाने बिननंबरी आहेत आणि त्या पूर्ण कायदेशीर आहेत. फक्त एक नीट बघा, नंबर मुळात नव्हता की कोणी घासून काढलाय. घासलेला असेल तर हातसुद्धा लावू नका, तो फेडरल गुन्हा आहे. रिसीव्हर, म्हणजे बंदुकीची मधली बॉडी, तिरपा धरून उजेडात बघा, घासलेल्या जागेचं ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) वेगळं दिसतं आणि बोटाला खळगा लागतो.

आता मार्लिन. गूज गन नावाप्रमाणे बदकं-हंस उंचावरून पाडायला केलेली. एवढी लांब नळी आणि फुल चोक, म्हणजे छरे एकत्र राहावेत म्हणून तोंडाशी अरुंद केलेली. पूर्ण बंदूक साडेचार फुटांच्या वर जाते, झाडावरच्या स्टँडमध्ये घेऊन बसलात तर फांद्याच मोजाल. गंमत म्हणजे ज्या कामासाठी केली तेच काम आता तिला धड करता येत नाही. १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे देशभर बंद आहेत, स्टीलचे वापरावे लागतात, आणि स्टीलचा मोठा छरा जुन्या घट्ट फुल चोकमधून मारला तर तोंडाशी नळीला फुगवटा येऊ शकतो. बिस्मथ चालतं, पण ते विकत घेताना डोळ्यात पाणी येतं.

हरणाला स्लग, म्हणजे छऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी, लागणार. फुल चोकमधून साधा रायफल्ड स्लग मारता येतो, तो शिशाचा मऊ असतो, दबून निघतो, पण निशाण्याचा भरवसा नाही. माझं मत: मार्लिन हौस म्हणून घ्या, हरणासाठी घेऊ नका.

सातारी_बाणा
मी उलटं सांगेन. माझ्याकडे गूज गनच आहे, आधीच्या मालकाने गनस्मिथकडून नळी २४ इंचांवर कापून घेतलेली. चोक गेला, म्हणजे नळी तोंडापर्यंत सरळ (सिलिंडर) झाली, वर मागचा-पुढचा नीट साइट बसवलाय. पन्नास यार्डांवर स्लग ताटलीएवढ्या जागेत पडतात. झाडीत ह्यापेक्षा काय पाहिजे?

विस्कॉन्सिनकर
@सातारी_बाणा तुमचं बरोबर, पण कापलेली विकायला काढा म्हणजे कळेल. ३६ इंची नळी हीच तिची ओळख, ती गेली की घेणारा अर्धी किंमत सांगतो. आणि बाकीच्यांनी वाचून घरी करवत काढू नका. शॉटगनची नळी १८ इंचांच्या खाली किंवा पूर्ण लांबी २६ च्या खाली गेली की एनएफए (आखूड बंदुकांवर कडक बंधनं घालणारा फेडरल कायदा) लागू होतो, मग वकिलाचा खर्च बंदुकीच्या कैकपट.

शांतिप्रिय
मला एक कळत नाही, मराठी माणूस तिकडे शिकायला-कमवायला जातो आणि मग हे बंदुकीचं खूळ कुठून येतं? रोज तिकडच्या शाळांच्या बातम्या वाचतो आपण. शेजाऱ्याची बंदूक त्याची त्याला लखलाभ, तुम्ही तुमचा स्नो ब्लोअर सांभाळा.

सातारी_बाणा
आलेच.

देवगडचा_बागायतदार
@शांतिप्रिय तुमचा मुद्दा शहरात बसून पटतो. आमच्याकडे काजू-आंब्याच्या बागेत वानरांची टोळी शिरली की तासाभरात वर्षाचं नुकसान, आणि भातात डुक्कर लोळून गेलं तर कापणीला काय उरत नाही. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचे परवाने घराघरात आहेत ते हौस म्हणून नाहीत. बहुतेक वेळा नुसता बार काढायचा, जनावर पळतं. मारायचं म्हटलं तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, परवानगीशिवाय डुकराला हात लावलात तर तुम्हीच आत.

बाकी धाग्याच्या विषयावर. आमच्याकडे बोल्टवाली बारा बोअर मी कधी बघितली नाही. एकनळी, दुनळी, आणि जुन्या लोकांकडे ठासणीची. बोल्ट म्हटलं की .३१५ ची रायफल.

शांतिप्रिय
शेतकऱ्याचं मान्य आहे हो. मी हौसेबद्दल बोललो.

पंचगंगा_किनारा
भारतात जुनी बंदूक विकणं म्हणजे काय असतं ते अमेरिकावाल्यांना कळू दे जरा.

२०१९ च्या दुरुस्तीत एका परवान्यावर तीनाच्या जागी दोनच बंदुका ठेवता येतील असं झालं, तिसरी डिसेंबर २०२० पर्यंत जमा करा किंवा विका. आमच्या घरात आजोबांची वेब्ली अँड स्कॉट, वडिलांची ऑर्डनन्स फॅक्टरीची दुनळी आणि एक रायफल. दुनळी काढायची ठरलं. दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर शस्त्र कायद्याप्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. घेणाऱ्याच्या परवान्यावर ती जागा पाहिजे, त्याची मुदत संपलेली नको. आम्ही डीलरकडे गेलो तर दुकानात माझ्यासारख्या तिसरीवाल्यांचीच गर्दी. त्याने रॅककडे बोट दाखवून म्हटलं, सगळी फॅक्टरीचीच आहेत, कोणती घेऊ सांगा. भंगारापेक्षा थोडे बरे पैसे आले.

वेब्लीला मात्र तोच डीलर दर भेटीत विचारतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करायची सोयच राहिली नाही, त्यामुळे आधी आलेल्या तेवढ्याच देशात फिरतायत. तिकडे जे कोठारात पडलेलं असतं ते इकडे सोन्याच्या भावात जातं.

देवगडचा_बागायतदार
आणि निवडणूक आली की जमा करायची ते राहिलं. कोणतं ठाणं ते सांगत नाही, पण पावसाळ्यानंतर परत आणली तर नळीत लाल गंज, आणि दस्त्यावर दोऱ्याने बांधलेलं लेबल कुजून चिकटलेलं. खोबरेल लावून तारेच्या ब्रशने घासत बसलो होतो. घेणारा येऊन नळीत बघतो आणि म्हणतो, काका खड्डे पडलेत, निम्मे देतो.

न्यूजर्सीचा_नाना
आमच्याकडचं ऐका. ओहायोत तुम्ही दोघं एकाच राज्याचे रहिवासी म्हणून शेजाऱ्याकडून थेट घेऊ शकता, राज्याचा कायदा बॅकग्राउंड चेक मागत नाही. न्यूजर्सीत आधी पोलिसांकडून आयडी कार्ड काढा, त्याला बोटांचे ठसे, ओळखीच्या लोकांचे दाखले, आणि २०१८ पासून खासगी विक्रीसुद्धा डीलरमार्फतच. गंमत अशी की हरणासाठी रायफल आमच्या राज्यात चालत नाही, शॉटगन, मझललोडर (ठासणीची) नाहीतर धनुष्य. म्हणून इथे जुन्या स्लग गनना अजून गिऱ्हाईक आहे. मी सॅव्हेज २१२ वापरतो, बारा गेज, रायफल्ड नळी (आतून पिळाच्या खाचा), बोल्ट ॲक्शन, सॅबोट स्लग (प्लॅस्टिकच्या वेष्टनातली बारीक गोळी). महाग जातं, पण शंभर यार्डांवर डोळे झाकून.

डोळे झाकून म्हणजे तसं नाही हो, शांतिप्रिय.

शांतिप्रिय
हाहा. वाचतोय.

ह्यूस्टनची_हवा
मला पण घ्यायची आहे पण मी एच-१बी वर आहे. ऑफिसातला सिटिझन मित्र म्हणतो माझ्या नावावर घेऊ, तू पैसे दे, तुझ्याकडेच ठेव. असं बरेच जण करतात म्हणे. चालतं का?

विस्कॉन्सिनकर
नाही, नाही आणि नाही. डीलरकडे फॉर्म ४४७३ भरताना पहिल्याच प्रश्नांत विचारतात की बंदूक खरोखर तुम्हीच घेताय का. दुसऱ्याच्या पैशाने त्याच्यासाठी घेऊन खोटं लिहिलं की तो गुन्हा, तुमचा मित्रही अडकेल. आणि नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक बाळगायलाच फेडरल कायद्यात बंदी आहे, एच-१बी त्यातच आला. त्याला अपवाद आहेत, त्यातला सरळ म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू शिकार लायसन्स. ते आधी काढा, मुदत संपू देऊ नका, मग स्वतःच्या नावावर घ्या. आणि आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, इथल्या काका लोकांच्या भरवशावर ग्रीन कार्डाची लाइन पणाला लावू नका.

तिखटमीठ
एवढी वर्षं त्या लाइनीत काढल्यावर माणसाला बंदूक घ्यावीशी वाटणं नैसर्गिक आहे.

संपादक मंडळ
तिखटमीठ, असे विनोद टाळा. सर्वांना सूचना: इथे चर्चा करा, पण बंदूक, काडतूस किंवा सुटे भाग विकायच्या-घ्यायच्या जाहिराती आणि फोन नंबर टाकू नका, काढून टाकले जातील.

काडतूस_किडा
सगळे नळी आणि चोकवर बोलले, चेंबरवर, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेवर, कोणीच नाही. जुनी घेताना माझ्या मते पहिली तीच गोष्ट बघायची.

काडतुसावर जी लांबी लिहिलेली असते, २ ३/४ इंच किंवा ३ इंच, ती फुटल्यानंतरची. भरलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड दिसतं. त्यामुळे ३ इंची काडतूस २ ३/४ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, बोल्टही बंद होतो, काही अडत नाही. बार उडाला की ते तोंड उलगडायला जागा मिळत नाही, पुढच्या निमुळत्या भागात अडकून रस्ता अरुंद होतो आणि दाब वाढतो. नवी बंदूक कदाचित सोसेल. साठ वर्षांपूर्वीची स्वस्तातली बोल्ट ॲक्शन, जिच्यात बोल्ट अडवणारी सगळी पकड एका दांडीच्या मुळाशी असते, तिच्यावर हा प्रयोग कशाला?

कोल्हापूरकरांच्या वेब्लीलाही हेच. जुन्या इंग्लिश दुनळ्यांचं चेंबर कित्येकदा २ १/२ इंच, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. खडकीचं ७० मिलिमीटरचं शक्तिमान काडतूस डब्यातून काढून घालायच्या आधी नळीखालचे शिक्के वाचून घ्या.

नळीवर लिहिलेलं नसेल किंवा शंका असेल तर गनस्मिथकडे गेज असतं, पाच मिनिटांचं काम.

पंचगंगा_किनारा
आता घाबरवलंत. उद्याच नळी सोडवून बघतो. आजोबा आयुष्यभर डब्यावर फक्त "१२" वाचून घालायचे.

डॅलस_डायरी
माझ्याकडची ऐका, ही घ्यायची म्हटली तर मिळायला मजा येते. बोल्ट ॲक्शन .४१० (बारा गेजपेक्षा बारीक नळीची शॉटगन), आणि आहे चक्क आपल्या बंगालातल्या ईशापूर रायफल फॅक्टरीची! बाजूला आर.एफ.आय. चा शिक्का. मुळात ही ली एनफिल्ड, .३०३ ची रायफल, तिची नळी गुळगुळीत करून .४१० मस्केट केलेली, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा म्हणजे एका वेळी एकच काडतूस. पोलिसांना, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना द्यायची. पळवून नेली तरी .३०३ च्या गोळ्या तिच्यात निरुपयोगी, हा हिशोब. पुढे भारताने मोडीत काढल्या आणि सरप्लस म्हणून जहाजाने इकडे आल्या. मी गन शोमध्ये एका जुन्या .२२ वर बदली केली, वर थोडे डॉलर दिले.

घेणाऱ्यांनी एक बघा. तिचं मूळ काडतूस .३०३ च्या पितळी केसपासून केलेलं, दुकानातल्या .४१० पेक्षा वेगळं. काही आयातदारांनी चेंबर बदलून दुकानातलं .४१० बसेल असं केलं, काही तशाच विकल्या. न बदललेल्यात दुकानातलं .४१० घालू नका. विकणारा "चालतं चालतं" म्हणाला तरी चेंबर मोजल्याशिवाय पैसे काढू नका. माझ्याकडे आलेली बदललेली होती. एक मेंदीच्या रंगाचा डाग आहे दस्त्यावर, नागपूरची बायको म्हणते पानाचा असणार :)

म्युनिकमधला_माधव
आमच्या इथल्या जुन्या बाजारात गेहा नावाच्या दिसतात. पहिल्या महायुद्धानंतर उरलेल्या माउझर ९८ रायफलींपासून बनवलेल्या शॉटगन. स्वस्त असतात, इतिहास म्हणून भारी. पण माउझरचा बोल्ट ज्या पुढच्या कानांच्या जोरावर प्रसिद्ध आहे ते कान ह्या बदलात कामाचे राहिले नाहीत, सगळा भार मागे. क्लबातले अनुभवी लोक म्हणतात भिंतीवर लावा, बार काढू नका. मीपण बघून परत ठेवली.

ओक_आणि_ओहायो
सगळ्यांचे आभार, बरंच कामाचं मिळालं. काल टॉर्च आणि टेप घेऊन म्हाताऱ्याच्या कोठारात बसलो. आधी मॅगझिन काढून, बोल्ट मागे घेऊन, बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली, मग बोल्ट पूर्ण काढून मागून नळीत बघितलं. मार्लिनची नळी आरशासारखी. त्याने बहुतेक वापरलीच नाही, म्हणतो एवढी लांब की ट्रकमध्ये बसत नाही. चेंबर ३ इंच, नळीवरच कोरलंय. मॉसबर्गची वेगळी गोष्ट. तोंडाच्या साधारण हातभर अलीकडे नळीत एक काळं कडं दिसतं, बाहेरून बोट फिरवलं तर अगदी बारीक उंचवटा लागतो. चापाखालची प्लॅस्टिकची पट्टी वाकून सुटायला आलीये. नंबर मात्र घासलेला नाही, मुळातच नव्हता.

विस्कॉन्सिनकर
ते काळं कडं म्हणजे फुगवटा. कधीतरी नळीत चिखल, बर्फ किंवा अडकलेलं वॅड (काडतुसातली गादी) असताना बार काढलाय. ती मॉसबर्ग फुकट दिली तरी उडवू नका. सुट्या भागांसाठी ठेवा, बोल्ट चांगला असेल तर त्यालाच किंमत आहे.

काडतूस_किडा
+१. आणि पट्टी वाकणं हे जुन्या मॉसबर्गांचं नेहमीचं आहे, त्यावरून घासाघीस करा.

सातारी_बाणा
मग ठरलं काय? स्नो ब्लोअर गेला का?

ओक_आणि_ओहायो
गेला. दोन्ही आणल्या. वर म्हाताऱ्याने कुलपाचं लाकडी कपाट दिलं, ते उचलायला तीन माणसं लागली. पावती केलीये, दोघांच्या सह्या, तारीख, मेक, मॉडेल, मार्लिनचा नंबर, आणि मॉसबर्गपुढे "नंबर नाही, १९६८ पूर्वीची" असं लिहिलंय. बायकोने कपाटाची किल्ली स्वतःकडे ठेवलीये.

हरणासाठी ही नाही नेणार. ओहायोत २०१४ पासून सरळ केसच्या (पुढे गळ्याशी निमुळत्या न होणाऱ्या) काडतुसाची रायफल चालते, रेंजवरचा ओळखीचा एक जण त्याची .४५-७० सीझनपुरती सोबत येऊन वापरायला देतो म्हणाला. मार्लिन क्ले पिजनवर, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्यांवर.

न्यूजर्सीचा_नाना
३६ इंची फुल चोकने स्कीट (जवळून आडव्या जाणाऱ्या थाळ्या) खेळणार? लांबचे ट्रॅप (समोर दूर जाणाऱ्या थाळ्या) मारा, जवळचे सगळे चुकतील. आणि दोन फैरींमध्ये बोल्ट मागे-पुढे करेपर्यंत दुसरी थाळी जमिनीवर.

तिखटमीठ
आणि पहिल्या बर्फाला काय करणार?

ओक_आणि_ओहायो
फावडं.

बडोद्याचा_बंडू
उशिरा आलोय. माझ्या भावाकडे पेनसिल्व्हेनियात मॉसबर्ग १८५ आहे, वीस गेज, मॅगझिन नाही. वरच्या मॉसबर्ग १९५ चं कुठे मिळालं तर तेच ह्याला लागेल का?

विस्कॉन्सिनकर
नाही लागणार, १९५ बारा गेजची आहे, वीसची १८५. मॅगझिन शोधताना मॉडेल, गेज आणि चेंबर तिन्ही सांगा, आणि १८५ पुढे काही इंग्रजी अक्षर कोरलंय का तेही बघा, त्या अक्षराप्रमाणे भाग बदलतात. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूमरिचकडे जुने भाग असतात, तिथे मॉडेलप्रमाणे आकृत्याच आहेत. मिळालं तर किंमत ऐकून बसा, ह्या बंदुकांचं मॅगझिन कधीकधी बंदुकीच्या निम्म्याला जातं. नाहीच मिळालं तर एकेक काडतूस हाताने घालून वापरता येते, भावाला सांगा घाई नाहीये.